उन्हाचे ऊन पाणी

आपल्या मराठी भाषेत ‘ऊन’ हा एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. सूर्याचा जो प्रकाश अंगणात पडतो त्याला आपण ऊन म्हणतो. आणि ताटात वाढलेला वाफाळता भातही ऊनच असतो. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावयाचे पाणी ऊन, त्याच्या अंगाला चोळावयाचे तेलही ऊन. संस्कृतातील ‘उष्ण’ या शब्दाचे हे मराठी रूप. कोकणात गरम पाण्याचे झरे असलेल्या गावांना उन्हवरे, उन्हाळे अशी नावे पडली. आमच्या आदिलाबाद जिल्ह्याच्या शेजारी, किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी उनकेश्वराची गरम पाण्याची कुंडे आहेत. तेथे स्नानासाठी दूरदूरचे लोक येतात. ऊन म्हणजे सूर्यप्रकाश आणि ऊन म्हणजे गरम, हे दोन अर्थ आपल्या पूर्वजांनी एकाच शब्दात बांधून ठेवले. परंतु व्यवहारात आपण त्यांची फारकत केली आहे. अंगणात ऊन रणरणत असते आणि त्याच वेळी न्हाणीघरात पाणी ऊन करण्यासाठी चूल धडधडत असते. आज या फारकतीविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

मी ज्या उटनूर गावी शिक्षिकेचे काम करते, तो भाग डोंगराचा व सागवानी जंगलाचा. गोंड, कोलाम, आंध, परधान, लंबाडा अशा अनेक समाजांची ही वस्ती. गोंडी, कोलामी, तेलुगू, मराठी व उर्दू या भाषा येथील एकाच बाजारात कानावर पडतात. आमच्याकडे हिवाळ्याची थंडी जशी कडाक्याची, तसा उन्हाळाही कडाक्याचा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांत ऊन पाण्याची कथा कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु ज्याने घर चालविले आहे तो हा प्रश्न विचारणार नाही. घरात बाळंतीण असते, तान्हे मूल असते, सांधे धरलेले म्हातारे माणूस असते, तापातून उठलेला रोगी असतो. दिवसभर तेंदूची पाने खुडून किंवा मोहफुले वेचून आलेल्या माणसाला कोमट पाण्याने अंग धुतल्यावाचून हुशारी वाटत नाही. तेलकट भांडी असतात, आजाऱ्याचे कपडे असतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पिण्याचे पाणी असते. उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात, ओढ्यातील डबक्यांवर माणसे व जनावरे एकत्र येतात, आणि हगवण, विषमज्वर, कावीळ हे पाहुणे घरात शिरतात. त्या वेळी पाणी उकळणे हा चैनीचा भाग नसून जीविताचा प्रश्न असतो.

तेव्हा उन्हाळ्यात पाणी तापवावे की नाही हा वाद नाही. कोणते पाणी किती तापवावे आणि कशावर तापवावे, एवढाच प्रश्न आहे.

आपल्या आजीबाईंनी पाण्याच्या उष्णतेची एक शिडीच करून ठेवली आहे. गार, कोमट, ऊन, कढत आणि उकळते, अशा तिच्या पाच पायऱ्या. हातातल्या उष्णतामापकाची भाषा बोलावयाची तर आमच्या बाजूच्या विहिरीचे पाणी वर्षभर सुमारे २७-२८ अंश असते. अंगाला सुखावणारे ऊन पाणी ३८ ते ४० अंशांचे. ५० अंशांच्या पुढे ते हाताला सोसवत नाही, म्हणजे कढत झाले. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. आणि १०० अंशांच्या आसपास उकळी.

एक लिटर पाण्याची उष्णता एका अंशाने वाढविण्यास एक उष्मांक लागतो, हे शाळेत आपण शिकलेले असतो. मग हिशेब सोपा आहे. हिवाळ्यात रात्रभर उघड्यावर राहिलेले १५ अंशांचे पाणी ४२ अंशांपर्यंत न्यावयाचे तर २७ अंशांची चढण चढावी लागते. पंधरा लिटरांच्या बादलीला म्हणजे ४०५ उष्मांक हवेत. उन्हाळ्यात मात्र पाणी मुळातच २८ अंशांवर उभे असते. त्याला ४० पर्यंत न्यावयाचे तर चढण फक्त १२ अंशांची. बादलीला १८० उष्मांक पुरतात. म्हणजे निम्म्याहूनही कमी. पण आपल्या घरांत काय होते? हिवाळ्यात हंड्याखाली जेवढी लाकडे सारली जात होती, तेवढीच सवयीने मे महिन्यातही सारली जातात. हंडा कढत होतो. मग त्यात विसण घालून तो ऊन करावयाचा. विसण घातल्याने उष्णता नाहीशी होते असे नव्हे. ती सगळ्या पाण्यात वाटली जाते. परंतु पाणी जितके अधिक कढत, तितकी त्याची उष्णता भांड्याच्या अंगाने आणि वाफेने वेगाने निसटते. शिवाय गरजेहून अधिक तापलेले पाणी शेवटी मोरीतच ओतले जाते. ज्याला ऊन पाणी हवे आहे त्याने कढत करू नये, हा काटकसरीचा पहिला धडा होय. घरात लहान मूल असले तर तो सुरक्षिततेचाही धडा आहे.

आता या उष्मांकांचे लाकूड करून पाहू. एक किलो वाळल्या लाकडात सुमारे ३,८०० उष्मांक असतात. परंतु तीन दगडांच्या उघड्या चुलीवर त्यांतील जेमतेम दहावा हिस्सा भांड्यात पोचतो. बाकीचे नऊ हिस्से वारा नेतो, दगड नेतात, धूर नेतो. म्हणजे एक किलो लाकडामागे पाण्याच्या वाट्याला सुमारे ३८० उष्मांक. उन्हाळ्यातील एका बादलीला १८० हवेत. म्हणजे अर्धा किलो लाकूड. घरात रोज चार बादल्या तापत असतील तर दोन किलो. उन्हाळ्याचे शंभर दिवस धरले तर २०० किलो, म्हणजे दोन क्विंटल. डोक्यावरची एक मोळी २० किलोंची धरली तर दहा मोळ्या होतात.

दहा मोळ्या हा आकडा ऐकावयास लहान वाटतो. पण ती मोळी कोणाच्या डोक्यावर येते हे विचारले म्हणजे त्याचे वजन कळते. ती आईच्या डोक्यावर येते, नाही तर शाळेच्या सुट्टीतील मुलीच्या. मोहफुले आणि तेंदूपत्ता यांचा हंगाम नेमका हाच. पहाटे मोहाखाली, मग पाने खुडावयास, मग डोंगराआडच्या पाण्याला, आणि त्यावर सरपणाची फेरी. घराजवळची पऱ्हाटी आणि तुराट्या संपत आल्या की ही फेरी लांबते. जन्नारमच्या बाजूला कवालचे जंगल २०१२ पासून व्याघ्र प्रकल्पात आहे. इतरत्रही जंगल वर्षावर्षाला मागे सरकते आहे. त्यातून वाचून जे लाकूड घरी येते ते धूर होऊन पुन्हा त्याच बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जाते. घरातील चुलीच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली मरण पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. १९९९ साली त्या वेळच्या आंध्र प्रदेश राज्यात ‘दीपम’ योजना आली, २०१६ साली केंद्र सरकारची ‘उज्ज्वला’ आली, आणि अनेक घरांत गॅसची शेगडी पोचली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु खेड्यांत हिंडले म्हणजे दिसते की, चहा आणि भाजी गॅसवर गेली तरी आंघोळीचे पाणी बहुधा चुलीवरच राहिले. कारण उघड आहे. टाकी पैशांनी भरावी लागते, आणि मोळीला पैसे पडत नाहीत असे आपण समजतो. बाईच्या पायपिटीची किंमत कोणाच्याच वहीत लिहिलेली नसते.

आता अंगणाकडे वळू. आमच्या भागात उन्हाळ्याच्या दिवसांत एका चौरस मीटर जागेवर दिवसभरात सुमारे सहा युनिट विजेइतकी उष्णता सूर्यापासून पडते. ती पाच हजार उष्मांकांहून थोडी अधिकच भरते. चार बादल्यांना आपल्याला ७२० उष्मांक हवेत. साध्या भांड्याने उन्हाचा तिसरा हिस्सा जरी धरून ठेवला, तरी अर्धा चौरस मीटर जागा पुरते. म्हणजे लहानशा पाटाच्या दुपटीएवढी. ही नवी विद्या नव्हे. तान्ह्या मुलाच्या न्हाणासाठी तांब्याचे घंगाळ किंवा हंडा अंगणात उन्हाला ठेवण्याची चाल आपल्या घरांत होतीच. आपण तिला विसरलो, एवढेच.

पण घंगाळ नुसते ठेवून द्यावे आणि पाणी तापावे असे होत नाही. ऊन धरावयाचे तर चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे भांडे पसरट असावे. उंच हंड्याला ऊन डोक्यावरच लागते. पसरट तपेल्यात किंवा घमेल्यात अर्धी वीत पाणी ठेवले तर ते लवकर तापते. दुसरी म्हणजे भांडे बाहेरून काळे असावे. लखलखीत भांडे ऊन परतवून लावते, काळे भांडे ते पिऊन घेते. चुलीवर काजळी धरलेले तपेले एरवी घासून घासून हात दुखतात. या कामाला मात्र ते बाहेरून जसे आहे तसेच उत्तम. तिसरी गोष्ट म्हणजे भांड्यावर झाकण हवे, आणि ते काचेचे किंवा पारदर्शक प्लॅस्टिकचे असावे. काचेतून ऊन आत जाते, पण आतील उष्णता सहजी बाहेर येत नाही. आणि झाकण मुळीच नसले तर काय होते हे आपल्या घरचा माठच सांगतो. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते, आणि ती वाफ जाताना आतील उष्णता घेऊन जाते. म्हणून माठ गार राहतो. उघड्या तपेल्याचाही असाच माठ होतो. उन्हाने द्यावे आणि वाफेने न्यावे! चौथी गोष्ट म्हणजे भांडे उघड्या जमिनीवर किंवा ओल्या फरशीवर ठेवू नये. खाली पोते, पेंढा किंवा वाळल्या गोवऱ्यांचा थर घालावा. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास भांडे मांडावे आणि चारच्या सुमारास उचलावे. हे पाणी रोजचे रोज बदलावे व झाकलेले असावे; उघडे, शिळे, कोमट पाणी म्हणजे डासांना आमंत्रणच.

माझी शिक्षक बंधुभगिनींना एक सूचना आहे. दोन सारखी भांडी घ्यावीत, एकाला काळा रंग द्यावा, एक तसेच ठेवावे. एकावर काच, एक उघडे, असे आलटून पालटून दर तासाला मुलांकडून उष्णता मोजवून घ्यावी. पुस्तकातील ‘उष्णतेचे वहन आणि प्रारण’ हा धडा त्यानंतर पाठ करवून घ्यावा लागणार नाही. आणि मुलांनी मोजलेली गोष्ट संध्याकाळी घरी सांगितली जाते, ती आपण सांगितलेल्या गोष्टीपेक्षा घरात अधिक चालते.

एक अडचण मात्र खरी आहे. ऊन असते दुपारी आणि आंघोळ असते सकाळी. यावर पहिला उपाय विनाखर्चाचा आहे. उन्हाळ्यापुरते लहान मुलांचे व म्हाताऱ्या माणसांचे न्हाणे संध्याकाळवर घ्यावे. कष्टकरी माणसे तर कामावरून आल्यावर संध्याकाळीच अंग धुतात. दुसरा उपाय म्हणजे चार वाजता ते तापलेले पाणी घट्ट झाकणाच्या हंड्यात भरून, हंडा भुशाच्या किंवा पेंढ्याच्या टोपलीत बसवून वरून जुनी गोधडी गुंडाळावी. गोधडी ऊब निर्माण करीत नाही, असलेली ऊब पळू देत नाही. माणसाला जे, तेच हंड्याला.

हीच अडचण मोठमोठ्या शोधकांनाही पडली होती, हे ऐकून आपल्याला धीर येईल. १८९१ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथील क्लॅरेन्स केम्प यांनी पाणी तापविण्याच्या सौर यंत्राचे पेटंट घेतले. काळ्या टाक्या, त्यांच्या भोवती पेटी आणि वरून काच, असे ते यंत्र होते. म्हणजे आपल्या काळ्या तपेल्याचाच थोरला भाऊ. दुपारी त्यातून छान ऊन पाणी येई, पण रात्रीत ते निवून जाई. पुढे १९०९ साली कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी तापविण्याचा भाग निराळा आणि साठविण्याची टाकी निराळी केली, आणि टाकीला जाड वेष्टन घातले. आपल्या यंत्राला त्यांनी ‘डे अँड नाइट’, म्हणजे दिवस-रात्र, असे नाव दिले. बेलींची वेष्टनाची टाकी आणि आपली गोधडी यांचे तत्त्व एकच. आपल्या मुंबईतही विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने कुलाब्यात अनेक आरसे मांडून त्यांच्या उन्हावर पाणी उकळविले आणि १८७८ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहून मुंबईतच प्रसिद्ध केले. उष्ण देशांनी इंधनाऐवजी ऊन वापरावे, हेच त्याचे म्हणणे. इस्रायल देशात १९५० नंतरच्या इंधनटंचाईत घरांवर सौर यंत्रे येऊ लागली आणि १९८० साली नव्या घरांना ती कायद्याने लागू झाली.

आता आपल्या शहरांतील गच्च्यांवर जे सौर बंब दिसतात ते याच वंशातील होत. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर टाकीत चढते आणि गार पाणी खाली उतरते. त्याला पंप लागत नाही. ज्यांना ऐपत आहे त्यांनी तो जरूर बसवावा. पण उन्हाळ्यात त्याचीही एक उलटी तऱ्हा असते. हिवाळ्याच्या बेताने बसविलेला बंब मे महिन्यात पाणी ६०-७० अंशांच्या पुढे नेतो आणि गरज तर निम्म्याने उतरलेली असते. अशा वेळी बंबाचा काही भाग कापडाने झाकून ठेवावा, आणि मुलांना थेट तोटीखाली कधीही उभे करू नये. पाणी क्षाराचे असेल तर नळ्यांत चुनखडी धरते. ती वर्षातून एकदा साफ करवून घ्यावी. खरे तर सौर बंबाची खरी जागा आश्रमशाळा, वसतिगृहे आणि बाळंतिणींचे दवाखाने ही होय. जेथे एका छपराखाली शंभर-दोनशे मुले आंघोळ करतात तेथे कित्येक घरांचे सरपण एकाच बंबाच्या रांगेने वाचते.

आणि ज्यांच्या गच्चीवर पाण्याची साधी काळी टाकी आहे, त्यांच्याकडे बंब नाही असे कोण म्हणेल? मे महिन्यात दुपारी त्या टाकीचे पाणी हात पोळेल इतके तापते, म्हणून आपण तक्रार करतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घरात गीझर लावतो! दुपारी दोन बादल्या भरून झाकून ठेवल्या तर गीझरचा दिवा उन्हाळाभर विझलेला राहील.

तरीही अग्नीची गरज पडतेच. ढगाळ दिवस असतो, आडवेळ असते, आजारपण असते. तेव्हा अग्नी वापरावा, पण हात राखून वापरावा. चुलीवर भांड्याला झाकण हवेच. लाकूड फोडून वाळविलेले हवे; उन्हाळ्यात तरी ओल्या लाकडाला क्षमा नाही, कारण ओले लाकूड स्वतःचेच पाणी उकळण्यात आपली शक्ती खर्चते. चुलीला वाऱ्याच्या बाजूने आडोसा असावा. जुन्या चुलीला शेजारी वैल असे. भाकरी चुलीवर आणि पाण्याचे तपेले वैलावर, म्हणजे जी आच एरवी फुकट जाते तिच्यावर पाणी तापे. ही योजना ज्या गृहिणीला प्रथम सुचली तिचे नाव कोणास ठाऊक नाही, पण ती मोठी शास्त्रज्ञ होती. तांब्याच्या बंबातही तीच हुशारी आहे. त्याच्या मधोमध नळीत विस्तव आणि भोवती पाणी. आच चहूबाजूंनी पाण्यालाच भेटते.

चूल सुधारण्याचे प्रयत्न आपल्या जवळच झालेले आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीतून बिनधुराची ‘मगन चूल’ निघाली. उटनूर ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्या हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधनशाळेतून १९५०-६० च्या दशकात डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याच्या चुलीचा पुरस्कार केला व त्यावर पुस्तक लिहिले. पुढे १९८३ साली सरकारने सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रमही हाती घेतला. त्यांतील पुष्कळ चुली धुराडे साफ न केल्याने निकामी झाल्या. तेव्हा चूल सुधारली तर धुराडेही सांभाळावे लागते, एवढे त्यातून शिकावे.

गॅसचा हिशेब असा की, आपल्या त्याच चार बादल्यांना रोज सुमारे १०० ग्रॅम गॅस लागतो. शंभर दिवसांत दहा किलो, म्हणजे घरगुती टाकीतील १४.२ किलोंपैकी बराचसा. विजेच्या कांडीची उष्णता जवळजवळ सगळी पाण्यातच उतरते. एक हजार वॅटची कांडी उन्हाळ्यातील बादली बारा-तेरा मिनिटांत ऊन करते. तिचा दोष एवढाच की, आपण ती लावून दुसऱ्या कामाला जातो. कांडीविषयी मात्र निक्षून सांगावयाचे आहे. बटण बंद करून, खटका काढल्यावाचून पाण्यात बोट घालू नये. लोखंडी बादलीत ती वापरू नये. मुलांना जवळ येऊ देऊ नये. गीझर दिवसभर चालू ठेवू नये, आणि त्याचा काटा उन्हाळ्यात खाली आणावा. गॅसचा गीझर कोंदट, बंद न्हाणीघरात कधीही लावू नये. त्याच्या ज्योतीला हवा अपुरी पडली म्हणजे विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो, आणि त्याने माणसे दगावली आहेत.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येते. आपण चार बादल्यांचे ७२० उष्मांक मोजले. पिण्याचे दहा लिटर पाणी २८ अंशांवरून उकळीपर्यंत न्यावयास किती लागतात? सुमारे ७००. योगायोग पाहा. आंघोळीसाठी आपण जेवढे सरपण रोज जाळतो, जवळजवळ तेवढ्यातच दहा लिटर पिण्याचे पाणी उकळून निघते. म्हणजे “पाणी उकळावयाला सरपण कोठून आणू?” या प्रश्नाचे उत्तर न्हाणीघरात आहे. आंघोळीचे पाणी उन्हाकडे सोपवा. जे दोन किलो लाकूड वाचले ते पिण्याच्या पाण्याखाली घाला. त्यातही झाकण, आडोसा आणि वाळले लाकूड यांची साथ दिली तर त्याच लाकडात आणखी पाणी उकळेल. उन्हात आधी ४५ अंशांवर आणलेले पाणी चुलीवर ठेवले तर लाकडाचा जवळजवळ चौथा हिस्सा वाचेल.

मात्र येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. उन्हात कोमट झालेले पाणी निर्दोष झाले, असे मुळीच समजू नये; नुसत्या कोमटपणाने जंतू मरत नाहीत. दुसरा गैरसमज याच्या उलट. पाणी वीस-वीस मिनिटे खदखदत ठेवलेच पाहिजे, असे अनेक घरांत मानतात. जागतिक आरोग्य संघटनेचा निर्वाळा असा की, पाण्याला सर्वत्र खळखळून उकळी फुटली म्हणजे काम झाले. मग खाली उतरून झाकल्या भांड्यातच ते निवू द्यावे. पुढे उकळत ठेवणे म्हणजे लाकडाची वाफ करणे. एक लिटर पाणी २८ वरून १०० वर नेण्यास ७२ उष्मांक पुरतात. पण त्याच एक लिटराची सगळी वाफ करावयास ५४० लागतात. हंड्यातील आठवा हिस्सा जरी आटवला तरी पहिल्या उकळीला लागले तितके सरपण पुन्हा लागले. आणि ज्या हंड्याची उकळी कमी लाकडात होते, तो हंडा रोज उकळला जातो. एका दिवशी वीस मिनिटे आणि दुसऱ्या दिवशी मुळीच नाही, यापेक्षा रोजची एक उकळी लाखमोलाची. रोग्यासाठी डॉक्टरांनी काही वेगळे सांगितले असेल तर अर्थातच ते पाळावे.

ज्यांच्याजवळ एक काडीही शिल्लक नाही, त्यांच्यासाठीही ऊन हजर आहे. बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठातील अफ्तिम अक्रा यांनी १९८० च्या सुमारास दाखवून दिले, आणि पुढे स्विस संशोधकांनी ते पडताळून पाहिले, की पारदर्शक बाटलीतील स्वच्छ पाणी कडक उन्हात सहा तास आडवे ठेवले तर त्यातील रोगजंतू मोठ्या प्रमाणावर मरतात. बाटली दोन लिटरांहून मोठी नसावी, चरे पडलेली नसावी, आणि पाणी गढूळ असेल तर आधी निवळून व गाळून घ्यावे. आभाळ भरलेले असेल तर दोन दिवस ठेवावे. उकळीला ही तोड नव्हे. पण काहीच न करण्यापेक्षा ती फार मोठी गोष्ट आहे.

श्रोतेहो, या साऱ्याचा इत्यर्थ एवढाच की, उन्हाळ्यात घरातल्या पाण्याची वाटणी करावी. अंगावर घ्यावयाचे पाणी सूर्याचे आणि पोटात जावयाचे पाणी अग्नीचे. या वाटणीला सरकारी मंजुरी लागत नाही, कर्ज लागत नाही. एक काळे तपेले, एक काचेचा तुकडा आणि एक जुनी गोधडी लागते. घरातील कर्त्या पुरुषांनी एक काम मात्र आपल्याकडे घ्यावे. सकाळी तपेले भरून उन्हात मांडण्याचे आणि दुपारी चार वाजता ते उचलून झाकण्याचे. त्यात कष्ट थोडे आहेत. पण त्या थोड्या कष्टांनी उन्हाळ्याच्या भर दुपारी कोणाच्या तरी डोक्यावरच्या दहा मोळ्या उतरतात, आणि घरातले तान्हे मूल जे पाणी पिते ते उकळलेले असते.